चालींची नावनिशी

पानाचा कोपरा

इंग्रजी उपासनागीतांचं जुनं छापील पुस्तक उघडलं की प्रत्येक गीताच्या माथ्यावर बारीक टायपात दोन नावं दिसतात. एका बाजूला चालीचं नाव, दुसऱ्या बाजूला ती बांधणाऱ्याचं. मध्ये स्वरांच्या ओळी आणि शब्द. चालीचं नाव गीताच्या शब्दांवरून ठेवलेलं नसतं. ते एखाद्या गावाचं, संताचं, खोऱ्याचं असतं. आपल्या संगीत नाटकांच्या पुस्तकांतही पदाच्या डोक्यावर चाल छापत, पण ती दुसऱ्या एखाद्या पदाच्या पहिल्या शब्दांनी सांगत. इथे चालीला स्वतःचं नाव होतं. शब्द बदलले तरी ते तसंच राही.

आता कितीतरी चर्चमध्ये भिंतीवर पडदा आहे आणि त्यावर फक्त शब्द येतात. स्वरलिपी गेली, तिच्याबरोबर दोन्ही नावं गेली. ही नावं ज्यांची होती त्यांत जोडे शिवणारे आहेत, कातडी कमावणारे आहेत, कोळशाच्या खाणीवरचे कारकून आहेत, खेड्यातले पाळक आहेत. त्यांतल्या बहुतेकांचं पानाच्या त्या कोपऱ्यावाचून दुसरं स्मारक नाही. म्हणून ही नोंद.

बारा चाली

१६१५ साली स्कॉटलंडच्या स्तोत्रपुस्तकात बारा चाली अशा छापल्या, ज्या कुठल्याही एका स्तोत्राला बांधलेल्या नव्हत्या. डंडी, मार्टर्स, डन्फर्मलिन, ॲबी अशी त्यांची नावं. त्यांतली 'फ्रेंच' नावाची चाल संगीतकार रेव्हन्सक्रॉफ्टने १६२१ मध्ये लंडनला छापली ती 'डंडी' म्हणून. स्कॉटलंडमधली डंडी इंग्लंडात 'विंडसर' झाली. सीमेच्या दोन बाजूंच्या माणसांनी डंडी मागितली तर दोन निरनिराळ्या चाली निघायच्या.

रॉबर्ट बर्न्सच्या 'द कॉटर्स सॅटरडे नाइट' या कवितेत गरीब शेतकऱ्याचं कुटुंब शनिवारी रात्री प्रार्थनेला बसतं. ते कोणत्या चाली लावतं हे कवी नावं घेऊन सांगतो: डंडी, मार्टर्स, एल्गिन. वाचणाऱ्याच्या कानात त्या लगेच वाजतील याची त्याला खात्री होती. आज त्या नावांना संपादकाची टीप लागते.

छंदसूची

पुस्तकाच्या शेवटची पानं. आकड्यांचीच. ८.६.८.६ म्हणजे 'कॉमन मीटर', ८.८.८.८ 'लाँग', ६.६.८.६ 'शॉर्ट'. प्रत्येक ओळीत किती अक्षरं, एवढंच हे आकडे सांगतात, आणि त्याखाली त्या मापाच्या चालींची नावं. माप जुळलं की कुठलेही शब्द कुठल्याही चालीवर बसायचे. ऑर्गन वाजवणारा आठवड्याच्या गीतासाठी ही पानं उलटायचा.

आयझॅक वॉट्सचं नव्वदाव्या स्तोत्रावरचं गीत १७१९ चं. ते आज ज्या चालीवर जगभर म्हणतात ती 'सेंट ॲन' १७०८ मध्येच छापली गेली होती, आणि तीही बेचाळिसाव्या स्तोत्रासाठी. विल्यम क्रॉफ्ट लंडनच्या सोहो भागातल्या सेंट ॲन चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचा. चालीला आपल्या चाकरीच्या जागेचं नाव मिळालं. शब्द आणि चाल पुढे कधीतरी एकमेकांना भेटले. असे जुळून आलेले संसार या सूचीतून शेकड्यांनी झाले.

'ओल्ड हंड्रेड्थ' ही या सगळ्यांतली थोरली. जिनिव्हात १५५१ मध्ये ती लुई बुर्ज्वाच्या स्तोत्रसंग्रहात आली, एकशे चौतिसाव्या स्तोत्राला. इंग्रजांनी ती शंभराव्याला लावली. नवं स्तोत्रभाषांतर आल्यावर जुन्यातली म्हणून 'ओल्ड'. त्याच १५५१ च्या डिसेंबरात लोकांच्या सवयीच्या चाली परवानगीविना बदलल्या म्हणून बुर्ज्वाला जिनिव्हाच्या कौन्सिलने तुरुंगात टाकलं. धर्मसुधारक कॅल्विनने रदबदली केली तेव्हा तो सुटला. चालीतला एखादा स्वर हलवला म्हणून शहर माणसाला कोठडीत घालतं, यातला जुलूम उघड आहे. पण त्या शहरातल्या प्रत्येकाला चाल पाठ होती, आणि ती आपली आहे असं वाटत होतं, हेही त्यात दिसतं.

प्रेमगीत

हान्स लिओ हास्लरने १६०१ मध्ये एक प्रेमगीत छापलं. एका मुलीने मनाचा गोंधळ उडवला आहे, अशा अर्थाचं. काही वर्षांत ती चाल मरणाच्या गीताला लागली, मग पाउल गेऱ्हार्टच्या वधस्तंभावरच्या ख्रिस्ताच्या गीताला. बाखने मत्तयाच्या 'पॅशन'मध्ये ती पाच वेळा घेतली, बहुतेक वेळी खालचे स्वर वेगळे. मुलगी कोण होती ते कुणाला ठाऊक नाही.

गॅलरीतले वादक

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडच्या खेड्यांतल्या चर्चमध्ये पश्चिमेकडच्या गॅलरीत गावातलेच वादक बसत. फिडल, चेलो, क्लॅरिनेट, बसून, कुठे नागमोडी वळणाचं 'सर्पंट'. त्यांच्या चाली उसळत्या असत. एका आवाजाने ओळ उचलायची, मागून दुसऱ्याने, मग तिसऱ्याने. शब्द एकमेकांवर चढायचे आणि शेवटी सगळे एका सुरावर येऊन थांबायचे. पाळकांना ते गबाळं वाटू लागलं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बहुतेक ताफे मोडले आणि त्यांच्या जागी एकट्याने वाजवायची पेटी आली. टॉमस हार्डीचे वडील आणि आजोबा डॉर्सेटमधल्या स्टिन्सफर्डच्या चर्चमध्ये अशा ताफ्यात वाजवत. १८७२ च्या 'अंडर द ग्रीनवुड ट्री' या कादंबरीत हार्डीने ताफा मोडल्याचीच गोष्ट सांगितली आहे.

कँटरबरीचा टॉमस क्लार्क जोडे शिवायचा आणि चाली बांधायचा. त्याची 'क्रॅनब्रुक' १८०५ मध्ये छापली गेली, केंटमधल्या एका गावाच्या नावाने, देवाच्या कृपेवरच्या गीतासाठी. पुढे नाताळातल्या मेंढपाळांचं गीत तिच्यावर म्हणू लागले. त्यानंतर यॉर्कशरच्या लोकांनी तिच्यावर इल्क्लीच्या माळावर टोपी न घालता गेलेल्या माणसाचं गाणं रचलं, आणि आता सगळ्यांना ती त्याचीच चाल वाटते. चाल धडधाकट आहे. तिचं नाव आणि क्लार्क मात्र गेले.

बिलिंग्ज

विल्यम बिलिंग्ज बॉस्टनमध्ये कातडी कमवायचा. एक डोळा निकामी, एक पाय आखूड, एक हात वाळलेला. संगीत त्याला कुणी शिकवलं नव्हतं. १७७० मध्ये त्याने 'न्यू इंग्लंड साम सिंगर' काढलं. आतल्या सगळ्या चाली त्याच्या एकट्याच्या. पहिल्या पानासमोरचं चित्र पॉल रिव्हिअरने कोरलं होतं. बिलिंग्जचे स्वर पुस्तकी नियमांना जुमानत नाहीत. चारही आवाजांना तो गाण्याजोगं काहीतरी देतो. खालच्या आवाजाला नुसतं टेकू म्हणून उभं करत नाही. मला त्याचं हे सर्वांत मोठं वाटतं. १८०० मध्ये तो दारिद्र्यात मेला. बॉस्टन कॉमनच्या दफनभूमीत त्याला पुरलं; थडग्यावर खूण नाही.

पुढच्या पिढीतल्या शिकलेल्या संगीतकारांनी त्याच्या चाली अडाणी ठरवल्या आणि उत्तरेकडच्या चर्चमधून काढल्या. त्या दक्षिणेकडच्या शेतकऱ्यांत टिकल्या. तिथे स्वरांना आकार दिले होते: 'फा' त्रिकोण, 'सोल' गोल, 'ला' चौकोन, 'मी' चौकट. आकार पाहून निरक्षर माणूसही चार दिवसांत स्वर धरू लागे. १८४४ मध्ये जॉर्जियात अशा आकारांचं 'सेक्रेड हार्प' निघालं. गाणारे एकमेकांकडे तोंड करून चौकोनात बसतात, प्रत्येक बाजूला एक आवाज, मधल्या रिकाम्या जागेत म्होरक्या. आधी सगळे नुसती स्वरांची नावं गातात, मग शब्द. श्रोत्यांसाठी खुर्च्या नसतात. हे टिकलं आहे, अलीकडे शहरांतही पसरलं आहे, आणि त्या पुस्तकाच्या पानांवर नावं जागच्या जागी आहेत.

पायपेटी

ज्यांनी जुन्या चाली मोडीत काढल्या त्यांत लोवेल मेसन मुख्य. तरुणपणी तो जॉर्जियातल्या सव्हॅना गावी बँकेत होता. १८२२ चा त्याचा पहिला संग्रह त्याच्या नावाविना निघाला. बँकेच्या माणसाला गाणारा म्हणून ओळखलं जाणं त्याला नको होतं. पुढे तो बॉस्टनला गेला आणि १८३८ मध्ये तिथल्या सरकारी शाळांत संगीत हा विषय सुरू करवला. त्याच्या चाली सोप्या, स्वच्छ, लहान मुलालाही दोनदा ऐकून येतील अशा. बिलिंग्जवर त्याने अन्याय केला हे माझं मत कायम आहे. पण मिशनरी जिथे जिथे गेले तिथे मेसन गायला गेला, यामागे हा सोपेपणाच आहे.

त्याचा मुलगा हेन्री. त्याने १८५४ मध्ये बॉस्टनला 'मेसन अँड हॅम्लिन' कंपनी भागीदारीत काढली, पायाने भाता चालवायच्या पेट्या बनवणारी. ज्या अमेरिकन बोर्डाचे मिशनरी १८१३ मध्ये मुंबईत आणि १८३१ मध्ये अहमदनगरला आले, त्याचंही ठाणं बॉस्टनच. चाल, पेटी आणि मिशनरी एकाच शहरातून निघत होते. व्हरमाँटमधल्या एस्टी कंपनीने एकटीने पाच लाखांवर पेट्या विकल्या. घडी करून पेटीसारखी उचलून नेता येणाऱ्याही निघाल्या.

आपल्याकडे पायपेटीला निराळा घरोबा मिळाला. संगीत रंगभूमीने ती 'ऑर्गन' म्हणून उचलली. १८७५ च्या सुमारास कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोषांनी भाता हातात आणला आणि पेटी जमिनीवर बसली. पायाची मागे पडली. भात्याचं कापड विरतं, सूर गंजतात, दुरुस्त करणारा मिळत नाही.

पायपेटीवर सुवार्तागीतं गाणाऱ्या आयरा सँकीची गोष्ट इथेच सांगायला हवी. १८७४ मध्ये तो ग्लासगोहून एडिंबरोला आगगाडीने जात होता. वाटेत घेतलेल्या वर्तमानपत्रात एक कविता छापली होती, हरवलेल्या मेंढराची. लिहिणारी एलिझाबेथ क्लेफन पाच वर्षांपूर्वी वारली होती. सँकीने कात्रण खिशात ठेवलं. एडिंबरोच्या सभेत त्याचा सोबती, प्रवचनकार मूडी, याचं प्रवचन उत्तम मेंढपाळावर झालं आणि त्याने सँकीला काहीतरी गा म्हटलं. सँकीने कात्रण पेटीवर ठेवलं आणि एकेक ओळ गात गात चाल तिथेच बांधली. दुसऱ्या कडव्याला पहिल्याची चाल आठवेल की नाही ही त्याची धास्ती होती. आठवली.

सोल-फा

नॉरिचच्या सेरा ग्लोव्हरने शाळेतल्या मुलांसाठी स्वर अक्षरांत लिहिण्याची रीत काढली. जॉन कर्वेन या पाळकाने ती सुधारून देशभर नेली. रेघोट्या नाहीत, काळे ठिपके नाहीत. स्वराचं पहिलं अक्षर आणि वेळ दाखवणारी विरामचिन्हं, बस. साधे खिळे जुळवून छापता येई, त्यामुळे पुस्तक स्वस्त पडे. 'डो' कुठेही धरता येतो, आपल्या षड्जासारखाच. वेल्सच्या खाणकामगारांनी चार आवाजांतलं गाणं यावर शिकून घेतलं.

ब्रिटनमध्ये आता ही लिपी वाचणारे म्हातारे उरले आहेत. पण १८४१ मध्ये वेल्श मिशनरी चेरापुंजीला आले, पुढे मिझोरमलाही पोहोचले, आणि लिपी तिथे रुजली. मिझो गीतपुस्तक आजही सोल-फात छापतात. मंडळी ते चार आवाजांत वाचते.

१८६१

या साली लंडनमध्ये 'हिम्स एन्शन्ट अँड मॉडर्न' निघालं. संगीत-संपादक विल्यम हेन्री मंक. या पुस्तकाने प्रत्येक गीताला एक चाल नेमून दिली, आणि ते इतकं खपलं की नेमणूक कायमची झाली. छंदसूचीचं काम तेव्हापासून कमी झालं.

हेन्री लाइट हा डेव्हनमधल्या ब्रिक्सम या मासेमारीच्या गावचा पाळक. त्याने संध्याकाळच्या प्रकाशावरचं 'अबाइड विथ मी' लिहिलं आणि त्याला स्वतः चालही दिली. १८४७ च्या नोव्हेंबरात तो नीसला वारला. त्याची चाल कुणी म्हणत नाही. मंकने चौदा वर्षांनी 'इव्हनटाइड' बांधली, दहा मिनिटांत असं सांगतात. कवीने ती कधी ऐकली नाही.

गांधीजींना हे गीत प्रिय होतं. दिल्लीच्या विजय चौकात २९ जानेवारीच्या 'बीटिंग रिट्रीट'मध्ये लष्कराचे बँड अनेक दशकं ते वाजवत. दूरवरून घंटांचे सूर यायचे. शब्द तिथे नव्हतेच, नुसती चाल. इंग्रजी गीत न येणाऱ्या किती मराठी घरांनी ती दूरदर्शनवर ऐकली असेल. २०२२ पासून ती कार्यक्रमात नाही. इतकी वर्षं ती वाजली तरी मंकचं नाव आपल्याकडे कुणाच्या कानावर पडलं नाही.

याच पुस्तकात जॉन बॅकस डाइक्सची 'नायसीया' आली. त्रैक्याचं गीत म्हणून त्रैक्याचा सिद्धान्त ठरवणाऱ्या ३२५ सालच्या निकियाच्या परिषदेचं नाव. 'मेलिटा' त्याचीच: पौलाचं तारू फुटलं ते माल्टा बेट, आणि गीत समुद्रावरच्यांसाठी. नाव वाचणाऱ्याला एक गोष्ट आपोआप आठवायची. डाइक्स डरममध्ये पाळक होता. उपासनेच्या रीतीवरून बिशपाशी त्याचं बिनसलं, मदतीला दुसरा पाळक मिळेना, कोर्टात दाद मागितली ती फेटाळली गेली. प्रकृती खचली. १८७६ मध्ये, बावन्नाव्या वर्षी गेला. सुमारे ३०० चाली मागे ठेवून.

मराठी ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांचा जन्मही १८६१ चाच, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. त्यांच्याकडे पुढे येतो.

मंक्स गेट

राल्फ व्हॉन विल्यम्सने १९०६ चं 'इंग्लिश हिम्नल' संपादलं तेव्हा डाइक्सच्या काळातल्या बऱ्याच गोड चाली परिशिष्टात ढकलल्या. त्यांच्या जागी खेडुतांच्या तोंडून उतरवलेल्या आणल्या. ससेक्समधल्या मंक्स गेट वस्तीवरच्या हॅरिएट व्हेरल यांनी त्याला एक गाणं म्हणून दाखवलं होतं. ती चाल 'मंक्स गेट' नावाने यात्रेकरूच्या गीताला लागली. सरीमधल्या फॉरेस्ट ग्रीन गावी गार्मन नावाच्या म्हाताऱ्याने नांगऱ्या पोराचं गाणं म्हटलं. 'फॉरेस्ट ग्रीन' आता बेथलेहेमचं गीत आहे. गावांची नावं चालींना मिळाली, गाणाऱ्यांची पानाच्या कोपऱ्यातही आली नाहीत. त्या जागी लिहिलं गेलं: 'पारंपरिक'.

कूम ऱ्होंदा

जॉन ह्यूज दक्षिण वेल्समध्ये कोळशाच्या खाणीवर कारकून होता. १९०७ मध्ये हॉपकिन्सटाउनच्या चॅपलमध्ये नवा ऑर्गन आला, त्या समारंभाशी त्याची 'कूम ऱ्होंदा' ही चाल जोडलेली आहे. नाव ऱ्होंदा खोऱ्याचं. शेवटच्या ओळीत खालचे आवाज वर चढत येतात आणि माणसाला गप्प बसवत नाही. आज रग्बीच्या मैदानात हजारोंच्या तोंडी ती असते, कधी धार्मिक शब्दांनी, कधी भलत्याच. जोसेफ पॅरी त्याच्या आधीचा: नवव्या वर्षी कामाला लागलेला, मग पेनसिल्व्हेनियात स्थलांतर, आणि १८७४ मध्ये ॲबरिस्टविथ इथे संगीताचा पहिला प्राध्यापक. 'ॲबरिस्टविथ' ही त्याची चाल १८७९ ची.

खाणी बंद झाल्या. चॅपलं विकली गेली. कुठे घरं झाली, कुठे गोदामं. चार आवाजांत गाणारी मंडळीच पांगली तर नुसत्या वरच्या स्वराने 'कूम ऱ्होंदा' उघडी पडते. स्टेडियममध्ये ऐकू येतो तो बहुधा वरचा स्वर.

आमेन

प्रत्येक गीताच्या शेवटी दोन स्वरांचं. नव्या पुस्तकांतून काढलं.

ओळ देणारा

१६४४ मध्ये वेस्टमिन्स्टरच्या धर्मसभेने ठरवलं की ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी एकाने स्तोत्राची ओळ आधी म्हणावी. स्कॉटलंडच्या लूइस बेटावर गेलिक भाषेत हे अजून चालतं. पुढचा ओळ टाकतो आणि मंडळी ती उचलते, पण एकत्र नाही. प्रत्येकजण आपल्या गतीने, आपल्या मुरक्या घेत मूळ स्वराभोवती फिरतो. किनाऱ्यावर लाटा फुटाव्यात तसा आवाज होतो. चाल अनेकदा १६१५ च्या त्या बारांपैकीच एखादी, पण ओळखणं कठीण. गेलिक बोलणारी घरं कमी होत आहेत, आणि पुढे उभं राहून ओळ देईल असा तरुण प्रत्येक गावात उरलेला नाही.

मराठी मंडळी

मिशनऱ्यांबरोबर पाश्चात्त्य चाली आल्या आणि मराठी शब्द त्यांच्या मापात बसवले गेले. मराठीच्या ऱ्हस्वदीर्घांना तो जाच होता: जिथे चाल लांबते तिथे ऱ्हस्व अक्षर, जिथे तुटते तिथे दीर्घ. अहमदनगरचे कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तनं केली, पदं रचली. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या टिळकांनी अभंग, ओवी, भजन हेच उपासनेचं वाहन केलं. मराठी मंडळ्यांच्या 'उपासना संगीता'त आजही हे दोन्ही शेजारी आहेत.

टिळकांचं नाव गीताखाली राहिलं. ज्या पेटीवाल्याने, ज्या शिक्षकाने, ज्या बाईने त्या अभंगाला पहिल्यांदा चाल लावली, त्यांची नोंद बहुतेक ठिकाणी नाही. एकेका गीताची चाल गावागणिक थोडी वेगळी निघते. ती जुन्या सभासदांच्या गळ्यात आहे, कागदावर नाही.

ओल्ड फॉस्टर

शेफील्डच्या आसपासच्या डोंगरी गावांत, गॅलरीतले ताफे मोडल्यावर, चर्चने टाकलेली नाताळगीतं लोकांनी पबमध्ये नेली. तिथे ती आजही नोव्हेंबरच्या मध्यापासून नाताळापर्यंत गातात, पेले हातात घेऊन, पुस्तकाशिवाय, सगळ्या आवाजांत. मेंढपाळांच्या एकाच गीताला तिथे अनेक चाली आहेत. त्यामुळे शब्दांवरून काही कळत नाही. कोणती म्हणायची ते नावानेच सांगावं लागतं: लिव्हरपूल, पेंटनविल, ओल्ड फॉस्टर. शेवटचं नाव हाय ग्रीन गावच्या जॉन फॉस्टरचं.